नीतिमत्त्वाची भूक की निर्दोष ठरण्याची धडपड?

मराठीत भूक 'लागते'. ती कुणी करत नाही. उपास करता येतो, निश्चय करता येतो, प्रार्थना करता येते. भूक मात्र आपल्याला गाठते. व्याकरणातला एवढा फरक ध्यानात ठेवला, तर ख्रिस्ती जीवनात कायम एकमेकींच्या वेशात वावरणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू येऊ लागतात: नीतिमत्त्वाची भूक आणि निर्दोष ठरण्याची धडपड.

बाहेरून दोन्ही सारख्याच. दोन्हींच्या मागे लागलेली माणसं पहाटे उठून प्रार्थना करतात, पापाला बिचकतात, बायबलच्या पानापानावर खुणा करतात. कष्ट कोण जास्त घेतं यावरूनही निवाडा होत नाही. मी अजून पूर्ण झालेलो नाही, मागचं विसरून पुढच्याकडे धाव घेतो आहे, असं प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहितो (३:१२-१४). तेव्हा भुकेला माणूस हातपाय हलवत नाही असं कुणी समजू नये. पण त्याला देव हवा असतो, आणि देवाला जे रुचतं ते आपल्यात आणि जगात व्हायला हवं असतं. धडपडणाऱ्याला हवा असतो निकाल. शक्यतो लेखी.

"जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य, कारण ते तृप्त होतील" हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन (मत्तय ५:६) आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातली विसंगती जाणवेनाशी होते. ज्यांच्यापाशी नीतिमत्त्व आहे ते धन्य, असं येशू म्हणत नाही. ज्यांच्यापाशी ते नाही आणि नसल्याचं ज्यांना पोटातून कळतं, ते धन्य. मूळ ग्रीकमधली एक बारीक गोष्ट इथे कामाची आहे. त्या भाषेत 'भुकेला असणे' या क्रियापदाबरोबर एरवी षष्ठी येते, म्हणजे भाकरीतल्या काही वाट्याची भूक. मत्तयाने इथे द्वितीया वापरली आहे. भाकरीचा तुकडा नको, अख्खी भाकर हवी, असा काहीसा त्याचा भाव अभ्यासक सांगतात. आणि 'तृप्त होतील' हा कर्मणी प्रयोग आहे; तृप्त करणारा दुसरा कुणी आहे.

'डिकायोसुने', म्हणजे नीतिमत्त्व, हा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात सात वेळा येतो. गंमत पाहा. ५:६ मध्ये ज्याची भूक धरायची तोच शब्द ६:१ मध्ये, उत्तम मानल्या गेलेल्या हस्तलिखितांनुसार, इशारा म्हणून येतो: माणसांनी पाहावं म्हणून ते करू नका. तिथे आपल्याकडे 'धर्माचरण' असं भाषांतर होतं, त्यामुळे मराठी वाचकाला हा धागा दिसत नाही. एका पानाच्या अंतरावर तोच शब्द, एकदा अन्न म्हणून आणि एकदा प्रदर्शनाची वस्तू म्हणून.

'नीतिमत्त्व' या आपल्या शब्दाचाही या गोंधळात थोडा हात आहे, असं मला वाटतं. 'नीतिमान' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चारित्र्याला डाग नसलेला सद्गृहस्थ उभा राहतो. त्या शब्दामागे असलेला इब्री 'त्सेदाका' बराच रुंद आहे. त्यात नात्याला जागणं येतं, न्यायालयात खरं ठरणं येतं, गरिबाला त्याचा हक्क मिळणंही येतं. संदेष्टा आमोस न्याय आणि नीतिमत्त्व यांना एका श्वासात वाहत्या पाण्याची उपमा देतो (५:२४). म्हणून ज्याला खरोखर भूक लागली आहे, त्याला शेजाऱ्यावर झालेला अन्यायही जेवू देत नाही. धडपडणाऱ्याला त्याचं विशेष काही वाटत नाही, कारण तो दोष त्याच्या नावावर पडत नसतो. पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश काढायचा, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून द्यायचे, ही मत्तय २३:२३ मधली येशूची तक्रार नेमकी हीच आहे.

आता लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थनेला उभा असलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस. त्याला ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याच्या उपासात खोट असल्याचं दाखल्यात कुठेच म्हटलेलं नाही. नियमशास्त्राने घालून दिलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा माणूस आठवड्यातून दोनदा करत होता. दाखला कुणाला उद्देशून आहे हे लूक आधीच सांगून टाकतो: आपण नीतिमान आहोत असा स्वतःवर भरवसा ठेवणाऱ्या आणि इतरांना तुच्छ लेखणाऱ्यांना. भरवसा आणि तुच्छता ही जोडी तो मुद्दाम एकत्र ठेवतो. परूश्याच्या प्रार्थनेत मागणं एकही नाही. दूर उभ्या जकातदाराकडे, म्हणजे कर वसूल करणाऱ्या आणि पापी समजल्या जाणाऱ्या माणसाकडे, त्याचं लक्ष आहे, कारण तुलनेला कुणीतरी लागतंच.

जाता जाता: 'डिडाखे' नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात सांगितलं आहे की ढोंगी लोक सोमवारी व गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी व शुक्रवारी करा. वार बदलले. वहीतला हिशेब बदलला का, हे ज्याचं त्याने पाहावं. एका उपासकाळात मी स्वतः अशी वही ठेवली होती, रोज एक खूण. एका दिवशी उपास मोडला. मला वाईट वाटलं ते खुणांची ओळ तुटल्याचं. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाशी मी फार टाकून बोललो होतो, ते चार दिवसांनी आठवलं.

या दोहोंच्या नेमक्या सीमेवर उभा असलेला माणूस म्हणजे तो श्रीमंत तरुण (मत्तय १९). आज्ञा सगळ्या पाळल्या आहेत, असं तो सांगतो आणि विचारतो, "माझ्यात अजून काय उणं आहे?" हा प्रश्न दोन्हींपैकी कुणाचाही असू शकतो. सगळं पाळूनही पोट भरलेलं नाही अशा माणसाचा असेल, किंवा यादीतली शेवटची रिकामी जागा भरून पावती घ्यायला आलेल्या माणसाचा. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क लिहितो (१०:२१). हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. धडपडणाऱ्याला झिडकारलेलं नाही. त्याला उत्तर मिळालं ते मात्र यादीच फाडून टाकणारं: सगळं विकून दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन गेला. नुसता निकालच हवा असता तर तो चिडला असता, वाद घातला असता. त्या खिन्नतेत थोडी भूक होती, असं मी मानतो.

पौलाची गोष्ट याच्या उलट. नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वाबद्दल मी निर्दोष होतो, असं तो स्वच्छ सांगतो (फिलिप्पै ३:६). म्हणजे त्याची धडपड फसली नव्हती, ती यशस्वी झाली होती! आणि पुढे तो केरकचरा म्हणून टाकतो ती आपली पापं नव्हेत, आपली जमेची बाजू. पाप टाकायला माणूस एक वेळ तयार होतो. मिळवलेलं प्रमाणपत्र टाकवत नाही.

इतिहासातही हे वळण पुन्हा पुन्हा दिसतं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत असे. रोमकरांस पत्रातल्या १:१७ मधले 'देवाचे नीतिमत्त्व' हे शब्द आपल्याला नकोसे वाटत, कारण त्यांचा अर्थ आपण शिक्षा करणारा न्याय असा घेत होतो, असं त्याने १५४५ मध्ये मागे वळून लिहिलं. ते देणगी म्हणून मिळतं हे उमगल्यावर तेच शब्द त्याला गोड झाले. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली ऑक्सफर्डच्या दिवसांत उपास, प्रार्थना, कैद्यांच्या भेटी असं सगळं काटेकोर करत होता, तरी शांती नव्हती. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत कुणीतरी ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचत होतं, तेव्हा आपलं हृदय विलक्षण ऊबदार झाल्याचं त्याने नोंदवलं आहे. त्यानंतर वेस्लीने उपास सोडले नाहीत, तुरुंगात जाणंही सोडलं नाही. हा मुद्दा फक्त प्रॉटेस्टंटांचा आहे असंही नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक मंडळी आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी ज्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तिच्यात देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने, असंच म्हटलं आहे.

सतत टोचणारी अपराधी भावना म्हणजे भूक नव्हे, एवढं इथे सांगून ठेवतो. ती बहुतेकदा धडपडीचीच उलटी बाजू असते; लक्ष पुन्हा स्वतःवरच.

मग ओळखायचं कसं? स्वतःचं मन तपासून फारसं हाती लागत नाही, कारण तपासणं हीसुद्धा एक धडपड होऊन बसते. त्यापेक्षा आपल्याहून वाईट वागलेल्या कुणाला क्षमा मिळाली की आपलं काय होतं, ते पाहावं. लूक १५ मधल्या दाखल्यातला, आपली वाटणी दूरदेशी उधळून बसलेला धाकटा मुलगा घरी परत का निघतो? पश्चात्तापाचं भाषण तो नंतर जुळवतो. आधी त्याला आठवतं की बापाच्या मजुरांना पोटभर भाकर आहे आणि मी इथे भुकेने मरतो आहे. थोरला कधी घर सोडून गेला नाही, एकही आज्ञा मोडली नाही, आणि आपल्याला साधं करडूही मिळालं नाही हे त्याला अचूक आठवतं. आत धाकटा परतल्याच्या आनंदात जेवणं चालली आहेत. बाप त्याला बोलवायला बाहेर आला आहे. तो दारातच उभा आहे.