कॅसेट तर व्हीएचएसच होती, मग चालायची का नाही? ('सिस्टीम' या शब्दाची पार्श्वभूमी)

सध्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून घ्यायची लाट आलीय आणि आमच्या इंदूरच्या मराठी घरांत पहिला घोळ "सिस्टीम कोणती?" यावरच होतो. एक जण म्हणतो व्हीएचएस, दुसरा म्हणतो पाल, आणि दोघंही बरोबर असतात, कारण हे प्रश्नच दोन आहेत: एक डबी-टेपच्या जातीचा (व्हीएचएस), दुसरा त्यावरच्या टीव्ही सिग्नलचा (पाल).

घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या दोन प्रतिस्पर्धी जाती, बीटामॅक्स (बीटा) १९७५ चं, व्हीएचएस १९७६ चं, ती मारामारी सगळ्यांना पाठ आहे. टेप दोन्हींत अर्धा इंचीच, पण डबीचा आकार वेगळा, मशीनमधल्या फिरत्या ड्रमभोवती टेप गुंडाळायची तऱ्हा वेगळी, म्हणून एकीची दुसरीत चालत नाही. पहिल्या बीटा कॅसेटवर तासभरच मावायचं म्हणून ती हरली असं सांगतात, असेल, पण आमच्या गल्लीत निकाल भाड्याच्या दुकानाने लावला, तिथे जे मिळायचं तेच घरी यायचं.

खरा गुंता सिग्नलचा. १९८२ ला, एशियाडच्या वर्षी, आपल्याकडे रंगीत टीव्ही आला तो पालमध्ये, म्हणजे ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत आणि जपानात एनटीएससी, ५२५ रेषा, सेकंदाला जवळपास ३०. डबी मात्र तीच! त्यामुळे अमेरिकेतल्या मामाने मुंजीची कॅसेट पाठवली की ती व्हीसीआरमध्ये (कॅसेट लावायच्या मशीनमध्ये) मजेत आत जायची आणि पडद्यावर काळंपांढरं चित्र वरखाली पळत सुटायचं, भटजींचा आवाज असा जड की जणू झोपेत मंत्र म्हणतायत. दुकानदाराने आमच्याकडून दोनदा "हेड (टेप वाचणारा भाग) घाण झालंय" म्हणून साफसफाईचे पैसे घेतले, हेड बिचारं चकचकीत होतं.

आवाज जड का? तर टेपचा वेगच वेगळा. एनटीएससी व्हीएचएसची टेप सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर सरकते, पालची २३.३९. याचा एक फायदाही होता, तिकडून आलेली कोरी टी-१२० कॅसेट, जिच्यावर तिकडे दोन तास मावायचे, तिच्यावर आपल्याकडे पावणेतीन तासांच्या वर रेकॉर्डिंग व्हायचं, आणि बाबा हे ज्याला त्याला अभिमानाने दाखवायचे. "मल्टीसिस्टीम" व्हीसीआर म्हणजे हे दोन्ही सिग्नल समजणारा, बीटा आणि व्हीएचएस दोन्ही चालवणारा नव्हे. हे कोणी सांगितलंच नाही म्हणून कित्येकांनी भलतंच घेतलं.

नंतर कॅमेऱ्यांनी भर घातली. व्हीएचएस-सी ही छोट्या डबीतली तीच टेप, म्हणून अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या मशीनवर चालते. १९८५ चं व्हिडिओ८ आणि १९८९ चं हाय८ यांची टेपच ८ मिलिमीटर रुंद, तिला व्हीएचएसमध्ये चालवणारा अडॅप्टर निघालाच नाही, तरी लोक अजून दुकानात तो मागतात. एस-व्हीएचएस म्हणजे व्हीएचएसचीच जास्त स्पष्ट चित्राची आवृत्ती, तिची डबी दिसायला सारखी, पण साध्या मशीनवर ती नीट दिसत नाही, काही उशिराच्या मॉडेलांवरच कमी दर्जात का होईना चालते.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ ला काम थांबवलं, त्यामुळे आता सगळी मदार जुन्या बाजारावर. ८ मिलिमीटरवाल्यांनी १९९९ नंतरचा डिजिटल८ (त्याच ८ मिलिमीटर टेपवर डिजिटल रेकॉर्ड करणारा) कॅमेरा शोधावा, त्यातले बरेचसे जुन्या व्हिडिओ८, हाय८ कॅसेटी वाचतात, फक्त घेण्याआधी उलटा करून खालच्या लेबलवर पाल आहे का एनटीएससी ते वाचा आणि आपल्या कॅसेटीशी जुळवा, नाहीतर मामाची मुंज परत पळायला लागेल.