उमेदच्या बचत गटाला बँकेचं कर्ज: अर्जाच्या आधी वह्या भरा

गावात उमेदचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सबसिडी किती?" उत्तर ऐकून निम्म्या बायका उठून जातात. 1999 पासून चाललेल्या जुन्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत अनुदान होतं. ते मिळवायला गट बनायचे आणि पैसा वाटून झाला की मोडायचे. 2011 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं, महाराष्ट्रात त्याचंच नाव उमेद. यात भर आहे तो गटाची बचत, गटाचा निधी आणि बँकेच्या स्वस्त कर्जावर. फुकटचं फारसं काही नाही, पण सावकाराच्या दारात जाण्याची वेळ टळू शकते.

गट कुणाचा आणि किती जणींचा

ग्रामीण भागातल्या 10 ते 20 महिला एकत्र आल्या की गट होतो. डोंगराळ, आदिवासी भागात किंवा अपंग व्यक्तींच्या गटात पाच जणही चालतात. वीसच्या वर मात्र जाऊ नका. नोंदणीशिवाय चालणाऱ्या गटाची मर्यादा तेवढीच आहे. दारिद्र्यरेषेचा दाखला नाही म्हणून मागे राहू नका, कारण गरीब कुटुंबं कोणती हे गावातल्या लोकांनीच बसून ठरवायची पद्धत यात आहे. एक बाई दोन गटांत नको. पुढे बँकेत आधार क्रमांक टाकला की दुहेरी नाव उघडं पडतं आणि दोन्ही गट अडकतात.

गटाची धर्मादाय आयुक्तांकडे किंवा इतर कुठे नोंदणी करावी लागत नाही. "रजिस्ट्रेशन करून देतो" म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. गावातली समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे आपल्या बोलण्यातली सीआरपी ताई, किंवा पंचायत समितीतला उमेदचा तालुका कक्ष गट बांधून द्यायचं काम विनामूल्य करतो.

बचत खातं

पहिल्या बैठकीत गटाचं नाव, बचतीची रक्कम, बैठकीचा वार आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरवा. तसा ठराव इतिवृत्त वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. बँकेत जाताना ठरावाची प्रत, सभासदांची यादी, गटाचा शिक्का, पदाधिकाऱ्यांचे आधार, पॅन आणि फोटो न्या. पॅन नसेल तर फॉर्म 60 भरतात.

आमच्या गटाचे तीन आठवडे इथेच गेले. काउंटरवरच्या साहेबांनी बाराही जणींची केवायसी मागितली. दोघी ऊसतोडीला गेलेल्या, आधार त्यांच्याबरोबर. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, सगळ्या सभासदांची कर्जाच्या वेळी घेता येते. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर बस भाड्याचे पैसे वाचले असते.

वही हाच दाखला

कर्जासाठी गट किमान सहा महिने चालू असावा लागतो. हे सहा महिने खातं उघडल्या तारखेपासून मोजत नाहीत, गटाच्या वह्यांवरून मोजतात. म्हणून खातं उघडायला उशीर झाला तरी बैठक थांबवू नका आणि पहिल्या दिवसापासून लिहा.

काय लिहायचं? पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. बँकेचा अधिकारी गटाची प्रतवारी करायला येतो तेव्हा तो इतिवृत्त, रोखवही, खातेवही आणि सभासदांची बचत-कर्जाची पासबुकं चाळतो. सगळं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं असेल तर त्याला लगेच कळतं. खाडाखोड असलेली, हळदीचा डाग पडलेली वही त्याला जास्त खरी वाटते. जी गैरहजर असेल तिच्या नावापुढे गैरहजरच लिहा. सगळ्या बैठकांना शंभर टक्के हजेरी कुठल्याच गावात नसते.

नुसती बचत साठवून ठेवणं हाही दोषच. सुमनला बियाण्याला दोन हजार दिले, महिना शेकडा दोन व्याजाने तीन महिन्यांत परत आले, अशा नोंदी दिसल्या पाहिजेत. पैसा फिरतोय, हेच बँकेला बघायचं असतं.

तीन महिने पंचसूत्री पाळली की फिरत्या निधीसाठी, म्हणजे गटात कर्जाऊ फिरवायला उमेदकडून मिळणाऱ्या रकमेसाठी, प्रस्ताव जातो. राज्याने 2023 मध्ये ही रक्कम 15 हजारांवरून 30 हजार केली. हा निधी गटाचा असतो, सभासदांचा नव्हे. दिवाळीला सारखा वाटून घेतलेला फिरता निधी परत येत नाही आणि गटही टिकत नाही.

कर्ज किती, व्याज किती

मुदत कर्ज पहिल्या वेळी गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. निधीत बचत, फिरता निधी आणि मिळालेलं व्याज सगळं धरतात. 12 जणी दर आठवड्याला 50 रुपये टाकत असतील तर 26 आठवड्यांत 15,600 रुपये होतात. फिरत्या निधीचे 30 हजार धरून 45,600 आणि सहापट म्हणजे 2,73,600. दुसऱ्या वेळी आठपट किंवा किमान तीन लाख.

तीन लाखांपर्यंत व्याज वर्षाला सात टक्के. दहा लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, बचत खात्यातली रक्कमही अडकवून ठेवता येत नाही. "एवढी मुदत ठेव ठेवा, मग बघू" असं कुणी म्हणालं तर ते नियमात बसत नाही.

अर्जासोबत कर्ज मागणीचा ठराव, सभासदांमधला आपसातला करारनामा, सगळ्यांची केवायसी, गटाचं बँक पासबुक, वह्या आणि सूक्ष्म पतआराखडा लागतो. या आराखड्यात कुणाला किती, कशासाठी आणि ती फेडणार कशातून, हे घरोघरचं गणित असतं. सावकाराचं देणं, मुलीची फी, घराची दुरुस्ती ही कारणंही मान्य आहेत, ती लपवून सगळ्यांच्या नावापुढे शेळीपालन लिहू नका. फक्त एवढं पाहा की दोन लाखांच्या वरच्या कर्जातला किमान निम्मा आणि चार लाखांच्या वर असेल तर पाऊण हिस्सा कमाईच्या कामाला जायला हवा.

अडलं तर

नेहमीची अडचण अशी: एखादीच्या नवऱ्याचं पीककर्ज थकलेलं असतं आणि शाखा सगळ्या गटाला नाही म्हणते. गट स्वतः थकबाकीदार नसेल तर एखाद्या सभासदाच्या किंवा तिच्या घरच्यांच्या थकबाकीमुळे सहसा गटाचं कर्ज अडवू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय. बंद पडलेला गटही पुन्हा सुरू करून तीन महिने नीट चालवला की पात्र ठरतो.

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्जाची पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा. आधी बँक सखी, म्हणजे बँकेच्या कामात गटांना मदत करणारी उमेदची ताई, आणि तालुका कक्षाला सांगा, मग जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जा. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. तिथेही पहिल्यांदा मागतात ती पोचच.