समाजमाध्यमांवरील लेखनाची कायदेशीर जोखीम

समाजमाध्यमांवर किंवा आंतरजालावर इतरत्र मजकूर, छायाचित्र वा चित्रफीत टाकल्यामुळे टाकणाऱ्या व्यक्तीवर येऊ शकणारे दिवाणी आणि फौजदारी दायित्व. अशा लेखनाचा सूर गप्पांचा असला, तरी बहुतेक देशांतील कायदे त्याला प्रसिद्धीच मानतात. त्यामुळे वृत्तपत्राच्या संपादकाला लागू होणारे बरेच नियम, हाताशी वकील नसलेल्या सामान्य माणसालाही लागू होतात.

सर्वांत मोठा धोका अब्रूनुकसानीचा. वाचक मोजकेच होते, एवढ्याने सुटका होत नाही. २०१० मध्ये ललित मोदी यांनी न्यूझीलंडचे क्रिकेटपटू ख्रिस केर्न्स यांच्यावर सामनेनिश्चितीचा (मॅच-फिक्सिंगचा) आरोप करणारे ट्वीट केले. ते मुळात सुमारे ६५ जणांनीच वाचले असावे, असे इंग्लंडमधील न्यायालयाने धरले. तरीही आरोप सिद्ध न झाल्याने २०१२ मध्ये केर्न्स यांना ९०,००० पौंडांची भरपाई मंजूर झाली. नुसते सुचवणेही महागात पडते. एका अनाम राजकारण्यावरील गंभीर आरोपांची चर्चा सुरू असताना ब्रिटिश संसदेच्या तत्कालीन सभापतींच्या पत्नी सॅली बर्को यांनी हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड मॅकअल्पाइन यांचे नाव का गाजते आहे, असा साळसूद प्रश्न ट्वीटमधून विचारला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तो प्रश्नच बदनामीकारक ठरवला. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणाऱ्यालाही अनेक देशांत नव्याने प्रसिद्धी दिल्याबद्दल जबाबदार धरता येते. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तर २०२१ मध्ये वृत्तसंस्थांना त्यांच्या फेसबुक पानांवरील वाचकांच्या टिप्पण्यांचेही प्रकाशक मानले. त्याच न्यायपीठाच्या २००२ मधील निर्णयानुसार बदनामी मजकूर जिथे वाचला जातो तिथे घडते, म्हणजे दावा परक्या देशातही उभा राहू शकतो.

फौजदारी बाजूला धमकी, द्वेष पसरवणे, न्यायालयाचा अवमान आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख उघड करणे हे प्रकार येतात. येथे कायद्याची संदिग्ध भाषा हा लेखकाला असलेला वेगळा आणि अधिक चिंताजनक धोका आहे. भारतातील माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ ‘त्रासदायक’ अशा मोघम शब्दांवर उभे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. इंग्लंडमध्ये विमानतळ उडवून देण्याच्या थट्टेच्या ट्वीटबद्दल दोषी ठरलेल्या तरुणाची शिक्षाही २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केली, परंतु तोवर दोन वर्षे उलटली होती.

आंतरजालावर सहज सापडलेले छायाचित्र मोफत वापरता येते, हा समज चुकीचा आहे. बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रताधिकार (कॉपीराइट) नोंदणीवाचून, निर्मितीबरोबरच मिळतो.

समाजमाध्यम कंपन्यांना मिळणारे संरक्षण लेखकाला स्वतःच्या शब्दांसाठी मिळत नाही. कंपन्यांना हे संरक्षण देणारे, अमेरिकेतील ‘कम्युनिकेशन्स डीसेन्सी अ‍ॅक्ट’ या १९९६ च्या कायद्याचे कलम २३० इतरांनी पुरवलेल्या मजकुरापुरतेच लागू आहे. मजकूर काढून टाकल्याने झालेली प्रसिद्धी पुसली जात नाही; तत्परतेने काढल्यास व माफी मागितल्यास भरपाई कमी होऊ शकते, मात्र तक्रार सुरू झाल्यावर तो नष्ट करणे पुरावा मिटवल्याचा ठपका ओढवू शकते.