मानसशरीरक्रियात्मक डेटा-विश्लेषणातील मेनू-आज्ञा

मानसशरीरक्रियात्मक डेटा-विश्लेषणातील मेनू-आज्ञा : त्वचेची विद्युत् संवाहकता, हृदयस्पंदन, श्वसन, स्नायूंची व मेंदूची विद्युत् क्रिया यांच्या प्रयोगातील नोंदींवर करावयाची गणिती प्रक्रिया पडद्यावरील यादीतून निवडून करवून घेण्याची पद्धत. गाळणे (नको त्या वारंवारता काढून टाकणे), नमुने (दर सेकंदाला घेतलेली मापे) कमी करणे, शिखरे शोधणे, घटनेभोवतीचा भाग कापून घेणे, सरासरी काढणे या तिच्यातील मुख्य क्रिया होत. प्रत्येक आज्ञेबरोबर काही मूल्ये आधीच भरून आलेली असतात. ती कोणीतरी, कोणत्यातरी प्रकारच्या नोंदीसाठी ठरवलेली असतात आणि म्हणूनच त्यांचा विचार करावा लागतो. फाइल उघडणे, छापणे, पडदा लहानमोठा करणे या सर्वपरिचित आज्ञा येथे घेतलेल्या नाहीत. सॉफ्टवेअरमधील आज्ञांची नावे सहसा इंग्रजीत असल्याने ती लिप्यंतराने दिली आहेत.

पूर्वपीठिका : संगणकापूर्वी पॉलिग्राफच्या सरकत्या कागदावर उमटलेली रेघ पट्टीने व कंपासने मोजली जाई. प्रयोगशाळेत संशोधकाने स्वतः पडद्यासमोर बसून नोंद हाताळावी, या कल्पनेला ठोस रूप आले ते 1962 च्या सुमारास वेस्ली क्लार्क व चार्ल्स मोलनार यांच्या लिंक या छोट्या संगणकाने. त्यानंतरच्या लघुसंगणकांवर अक्षर वा आकडा दाबून पुढची क्रिया निवडायची, अशी साधी यादी पुष्कळदा असे. वरच्या पट्टीतून खाली उघडणारा मेनू प्रयोगशाळेत आला तो 1980 च्या दशकात, मॅकिंटॉश व आयबीएम पीसी यांच्याबरोबर.

या खाली उघडणाऱ्या मेनूच्या उगमाविषयी मतभेद आहेत. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात 1970 च्या दशकात तयार झालेल्या स्मॉलटॉक प्रणालीत माउसचे बटण दाबताच बाणाजवळ उमटणारे मेनू होते. ॲपलच्या मंडळींनी डिसेंबर 1979 मध्ये पार्कला भेट दिली आणि 1983 मध्ये लिसा संगणक बाजारात आला. या क्रमावरून मेनूपट्टी ही पार्कचीच देणगी, असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे पडद्याच्या माथ्यावर स्थिर राहणारी पट्टी लिसाच्या गटातच घडत गेली. त्या गटातील बिल ॲटकिन्सन यांनी त्या काळात काढून ठेवलेल्या पोलरॉइड छायाचित्रांत मेनू आधी खिडकीच्या कडेला, मग माथ्यावर असा सरकत गेलेला दिसतो. बाणाखाली उमटणारा आणि जागेवर स्थिर असलेला मेनू हे दोन वेगळे प्रकार मानले, तर दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. पार्कच्या प्रकाराचा वारसा आजच्या उजव्या क्लिकच्या मेनूत शोधता येईल.

हा भेद केवळ ऐतिहासिक नाही. स्थिर पट्टीत आज्ञेला कायमचा पत्ता मिळतो. ‘ट्रान्सफॉर्म, त्याखाली डिजिटल फिल्टर्स, त्याखाली आयआयआर (गाळणीचा एक प्रकार)’ असा मार्ग लिहून ठेवता येतो आणि दुसऱ्या माणसाला त्याच मार्गाने जाता येते. प्रशिक्षणपुस्तिका व शोधनिबंधांचे पद्धतिविभाग बराच काळ याच पत्त्यांवर चालत आले आहेत. आयबीएमने 1987 मध्ये मांडलेल्या कॉमन यूजर ॲक्सेस या संकेतांमुळे फाइल व एडिट हे विभाग पट्टीत सर्वांत आधी, हा क्रम इतर यंत्रांवरही रूढ झाला. आज्ञेच्या नावापुढील तीन टिंबांचा संकेतही याच काळात पक्का झाला. टिंबे असतील तर पुढे मूल्ये विचारणारा चौकोन उघडतो, नसतील तर आज्ञा सहसा तत्काळ लागू होते. नोंदीवर काम करणाऱ्याने ही टिंबे पाहूनच बटण दाबावे. चौकोन न उघडणाऱ्या आज्ञेत मूल्य तपासण्याची संधी मिळत नाही.

व्याप्ती आणि क्रम : मेनू-आज्ञेचा परिणाम ती कशावर लागू होते यावर ठरतो. बायोपॅक कंपनीच्या ॲक्नॉलेज या सॉफ्टवेअरमध्ये एक वाहिनी (एका मापनाची रेघ) निवडलेली असते आणि तिचा काही भाग माउसने अधोरेखित केलेला असू शकतो. गाळणीच्या चौकोनात ‘संपूर्ण तरंग’ अशा अर्थाची खूण केलेली नसेल, तर केवळ अधोरेखित भागच गाळला जातो. अशा नोंदीत दोन्ही टोकांना बारीक पायरी दिसते. पडदा आकुंचित असेल तर ती दिसतही नाही, पण शिखर शोधणारी आज्ञा तिला प्रतिसाद समजू शकते. म्हणून मूळ वाहिनीची प्रत (एडिट विभागातील ‘डुप्लिकेट वेव्हफॉर्म’) काढून त्या प्रतीवर काम करणे हा जाणत्यांचा पहिला नियम आहे. मोठ्या नोंदींत मागे जाण्याची आज्ञा नेहमी भरवशाची नसते.

क्रमाचे महत्त्व नमुने कमी करण्याच्या आज्ञेत सर्वांत स्पष्ट दिसते. त्वचासंवाहकता हळू बदलते, म्हणून सेकंदाला 1000 नमुन्यांची नोंद 25 वर आणण्याचा मोह होतो. नोंदीत विजेच्या तारांचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट असेल आणि तो आधी गाळला नसेल, तर 25 नमुन्यांवर तो 0 हर्ट्झवर येऊन बसतो, म्हणजे नोंद सरळ वर वा खाली सरकते. वीजपुरवठ्याची वारंवारता किंचित हलून 50.1 झाली, तर तोच गुणगुणाट 0.1 हर्ट्झची संथ लाट होतो आणि ती लाट खऱ्या त्वचाप्रतिसादासारखीच दिसते. नंतर कोणतीही गाळणी लावून ती वेगळी काढता येत नाही. ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत् नोंदीसाठीच्या ईईजीलॅब या संचातील नमुने बदलण्याची आज्ञा आतल्या आत ही उलटी घडी (उंच वारंवारता नीच होऊन उमटणे) टाळणारी गाळणी लावते. पण दर काही नमुन्यांमागे एक उचलणाऱ्या साध्या आज्ञा तसे करत नाहीत, आणि दोन्हींची नावे सारखीच भासतात.

स्नायुविद्युत् नोंदीत क्रम असाच कडक आहे : प्रथम पट्टागाळणी (ठरावीक पट्ट्यातील वारंवारताच ठेवणारी), मग ऋण भाग धन करणे, मग गुळगुळीत करणे. धन केलेल्या नोंदीवर 28 ते 500 हर्ट्झची गाळणी लावली, तर जो आवरणवक्र (शिखरांच्या माथ्यावरून जाणारी संथ रेघ) हवा आहे तोच निघून जातो. ईईजीत गाळणी नोंदीचे तुकडे पाडण्याआधी लावतात, कारण लहान तुकड्यांच्या टोकांना गाळणीचे विकार उमटतात.

त्वचासंवाहकतेची फोड : या विषयात सर्वाधिक चर्चा झाली ती ‘टॉनिक’ म्हणजे संथ पातळी व ‘फेझिक’ म्हणजे क्षणिक प्रतिसाद यांना वेगळे करणाऱ्या आज्ञांवर. त्वचेच्या विद्युत् घटनेच्या शोधाचे श्रेय शार्ल फेरे (1888) व इव्हान तारखानोव (1890, काहींच्या मते 1889) यांच्यात वाटले जाते. फेरे यांनी बाहेरून प्रवाह देऊन, तारखानोव यांनी बाहेरचा प्रवाह न देता मापन केले. आजच्या बहुतेक मेनू-आज्ञा फेरे यांच्या परंपरेतील, म्हणजे मायक्रोसीमेन्समधील संवाहकता गृहीत धरतात. विभवाची (व्होल्टेजची) किंवा रोधाची नोंद त्यांना दिली, तर उत्तर येते, पण त्याला अर्थ नसतो. लिक्केन व व्हेनेबल्स यांनी 1971 मध्ये रोधाऐवजी संवाहकता थेट मोजण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून एककांचा गोंधळ पुष्कळ कमी झाला.

फोड करण्याचे तीन मार्ग मेनूत आढळतात. पहिला, 0.05 हर्ट्झच्या आसपासची उच्चपार गाळणी, म्हणजे संथ बदल काढून जलद बदल ठेवणारी. सोपी असल्याने ती फार वापरली जाते. तिचा कालांक (परिणाम ओसरण्याच्या वेळेचे माप) सुमारे 3.2 सेकंद येतो, आणि त्वचाप्रतिसादाला निम्मे उतरायलाच काही सेकंद लागतात. त्यामुळे गाळलेल्या प्रतिसादाची उंची घटते व त्याच्या मागे शून्याखाली खड्डा पडतो. हा खड्डा म्हणजे संवाहकतेतील घट नव्हे, ती गाळणीची सावली आहे. दुसऱ्या मार्गात मध्यक वा सरासरीने काढलेली संथ रेघ मूळ नोंदीतून वजा करतात. तिसरा मार्ग विलगीकरणाचा. घर्मग्रंथींकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा झटका लहान असतो व त्वचेतील संथ प्रक्रियेने तो पसरतो, असे मानून हा मार्ग पसरण उलटे फिरवतो. बेनेडेक व केर्नबाख (2010) यांची लेडालॅब या सॉफ्टवेअरमधील सतत विघटनपद्धती या गटातली. ग्रेको व सहकारी (2016) यांची उत्तल इष्टतमीकरणावर आधारित पद्धती आणि डॉमिनिक बाख यांच्या गटाचे पीएसपीएम हे सॉफ्टवेअर (पूर्वीचे एससीआरलाइझ) यांतही हाच विचार वेगळ्या गणिताने मांडलेला आहे.

कोणता मार्ग बरोबर, याचे उत्तर दोन उद्दीपकांमधील अंतरावर अवलंबून आहे. समजा, एक उद्दीपक 30 व्या सेकंदाला आला. 31.8 सेकंदाला रेघ 2.10 मायक्रोसीमेन्सवरून उचलली आणि 34.0 ला 2.46 वर पोचली. तळापासून शिखरापर्यंत 0.36, हे वाचन निर्विवाद आहे. पुढचा उद्दीपक 35 व्या सेकंदालाच आला. पहिला प्रतिसाद अजून उतरत असताना 36.6 ला, 2.33 वर, दुसरा उचलला व 38.5 ला 2.55 वर गेला. मेनूतील तळ-शिखर आज्ञा 0.22 सांगते. पण पहिला प्रतिसाद एकटाच उतरत राहिला असता तर 38.5 ला रेघ सुमारे 2.27 वर असती, म्हणजे दुसऱ्याची खरी उंची 0.28 च्या घरात आहे. नंतर येणारा प्रतिसाद असा पद्धतशीरपणे कमी मोजला जातो आणि मग त्याला ‘सवय होणे’ असे नाव दिले जाण्याचा धोका असतो. उद्दीपकांत दहा सेकंदांहून पुरेसे जास्त अंतर असल्यास साधे तळ-शिखर मापन समाधानकारक आहे. अंतर कमी असल्यास विलगीकरणच घ्यावे, आणि प्रारूपाचे वक्र मूळ रेघेवर ठेवून डोळ्यांनी पाहावेत.

त्याच चौकोनात आणखी दोन मूल्ये असतात. प्रतिसादाच्या प्रारंभाची खिडकी साधारणतः उद्दीपकानंतर 1 ते 3 किंवा 1 ते 4 सेकंद घेतात. किमान उंची 0.01 ते 0.05 मायक्रोसीमेन्सच्या दरम्यान असते. यांपैकी 0.05 हा आकडा कागदावर डोळ्यांनी मोजण्याच्या काळाला अधिक साजेसा आहे. आजच्या उपकरणांवर तो ठेवल्यास लहान खरे प्रतिसाद ‘शून्य’ म्हणून गणले जातात. सोसायटी फॉर सायकोफिजिऑलॉजिकल रिसर्च या 1960 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या समितीने 2012 मध्ये त्वचाविद्युत् मापनाच्या शिफारशी नव्याने मांडल्या. ही मूल्ये निबंधात नमूद करणे त्यांच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

हृदयस्पंदन : ईसीजीतील (हृदयाच्या विद्युत् नोंदीतील) आर-शिखरे, म्हणजे प्रत्येक ठोक्याची उंच टोके, शोधण्याच्या आज्ञा बहुधा पॅन व टॉम्पकिन्स (1985) यांच्या रीतीशी नाते सांगतात. येथे खरे काम शोधानंतरच्या दुरुस्तीचे. ठोक्यांमधील अंतरे 820, 810, 830, 1640, 820, 815 मिलिसेकंद आली असतील, तर 1640 म्हणजे निसटलेला एक ठोका हे उघड आहे. ही यादी तशीच ठेवली, तर लागोपाठच्या फरकांचे वर्गमध्यमूळ (आरएमएसएसडी) सुमारे 516 मिलिसेकंद येते. 1640 चे दोन 820 केले, तर सुमारे 10. एका ठोक्याने उत्तर पन्नासपट बदलते. क्युबिऑस या हृदयस्पंदन-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीच्या ‘व्हेरी लो’ ते ‘व्हेरी स्ट्राँग’ अशा पायऱ्या आहेत. 0.45 सेकंदांपासून 0.05 सेकंदांपर्यंत त्यांचा उंबरठा (किती फरकाला दोष मानायचे ती मर्यादा) खाली येत जातो. कडक पायरी निवडली की श्वासाबरोबर होणारा खरा चढउतारही दोष समजून पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी रेघ पाहून, दोष पकडणारी सर्वांत सौम्य पायरी घ्यावी. वारंवारतेचे पट्टे (0.04 ते 0.15 व 0.15 ते 0.4 हर्ट्झ) 1996 च्या युरोपीय-अमेरिकी कार्यदलाच्या अहवालातून मेनूत आले. ते विश्रांतीतील प्रौढांना साजेसे आहेत. लहान मुलांचा श्वास जलद असतो, त्यांच्यासाठी वरची सीमा हाताने बदलावी लागते.

आज्ञेची नोंद : मेनूविरुद्धचा गंभीर आक्षेप हा की क्लिक मागे काही ठेवत नाही. या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर ईईजीलॅबने दिले आहे. डेलॉर्म व मॅकीग यांनी 2004 मध्ये वर्णिलेल्या या मॅटलॅबवरील संचात मेनूतील प्रक्रिया-आज्ञांमागे ‘पॉप’ने सुरू होणारे फलन (नावाने बोलावता येणारी छोटी आज्ञावली) असते. मूल्ये न देता बोलावले तर ते चौकोन उघडते, मूल्ये देऊन बोलावले तर गुपचूप काम करते. ‘ईईजीएच’ एवढे टंकले की आतापर्यंतच्या सर्व क्लिकांच्या ओळी मूल्यांसह पडद्यावर येतात. त्या फाइलमध्ये उतरवल्या की चाळीस व्यक्तींच्या नोंदींवर तीच प्रक्रिया अक्षरशः तशीच चालवता येते. संगणकलेखन न शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी हा फार मोलाचा पूल आहे : एका नोंदीवर मेनूने शिकायचे, प्रत्येक पायरीनंतर रेघ पाहायची, मग त्याच ओळी सगळ्यांवर चालवायच्या. लॅबचार्ट या सॉफ्टवेअरमधील मॅक्रो (साठवलेला आज्ञाक्रम) व पीएसपीएममधील बॅच-यादी हेच काम आपापल्या रीतीने करतात. न्यूरोकिट2 सारख्या पायथन संचांत मेनू नाहीच. तेथे आधी भरून आलेली मूल्ये फलनाच्या आत असतात, आणि ती वाचण्याची जबाबदारी तितकीच राहते.

जेथे अशी नोंद मिळत नाही, तेथे नोंदवही ठेवतात. वाहिनी, आज्ञेचा मार्ग, चौकोनातील प्रत्येक आकडा, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि आज्ञा निवडलेल्या भागावर लावली की संपूर्ण तरंगावर, इतके एका ओळीत मावते. आवृत्ती लिहिणे विशेष गरजेचे, कारण नाव तेच ठेवून आतील गाळणी बदलल्याची उदाहरणे आहेत. ईईजीलॅबमधील मूळ गाळणीची जागा पुढे नव्या आराखड्याच्या गाळणीने घेतली.

श्वसन, त्वचेचे तापमान व डोळ्यातील बाहुलीचा व्यास यांसाठीच्या मेनू-आज्ञा तुलनेने थोड्या व साध्या आहेत. श्वसनात शिखर-तळ शोध आणि मिनिटाचा वेग, बाहुलीत पापणी मिटल्याच्या क्षणांची भरपाई एवढ्यावर त्या बहुधा थांबतात. बाहुलीच्या नोंदीत भरपाई करताना मिटण्याच्या आधीचे व नंतरचे काही नमुनेही वगळावे लागतात, कारण अर्धवट मिटलेल्या पापणीमुळे बाहुली लहान मोजली जाते.