वेन ग्रेट्स्की : बर्फावरची पूर्वदृष्टी

कॅनडाचा वेन ग्रेट्स्की 1999 साली आइस हॉकीतून निवृत्त झाला, तेव्हा नॅशनल हॉकी लीगमध्ये त्याच्या नावावर 894 गोल आणि 1,963 असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलाला कारण ठरलेले पास, जमा होते. या खेळात गोल आणि असिस्ट यांना प्रत्येकी एक गुण मिळतो. ग्रेट्स्कीचे सगळे गोल वगळले, तरी निव्वळ असिस्टच्या बळावर तो गुणांच्या सर्वकालीन यादीत पहिलाच राहतो. अंगाने तो या दणकट खेळाच्या मानाने सडपातळ होता आणि त्याचा फटकाही फार जोरकस नव्हता. म्हणून त्याच्या यशाचा उलगडा दृष्टी आणि स्मृती यांच्या नात्यात शोधणे मला अधिक योग्य वाटते.

या खेळातील पक म्हणजे सुमारे 170 ग्रॅम वजनाची कडक रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. ताशी 150 किलोमीटर वेगाने सुटलेला पक 15 मीटर अंतर साधारण 0.36 सेकंदात कापतो, तर डोळ्यांना दिसलेल्या साध्या खुणेवर हालचाल सुरू करायलाच माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. जे दिसेल त्यावर प्रतिक्रिया देत राहणारा खेळाडू त्यामुळे नेहमीच मागे पडतो; पुढे काय घडणार, याचा अंदाज त्याला आधीच बांधावा लागतो.

हा अंदाज कसा घडतो, याचा एक धागा बुद्धिबळावरील संशोधनात सापडतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खेळाडूंना पट केवळ काही सेकंद दाखवला होता. खऱ्या डावातील मांडणी निष्णात खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अचूक आठवून मांडली. मोहरी वाटेल तशी विखुरली, तेव्हा मात्र त्याचे वर्चस्व जवळजवळ नाहीसे झाले. त्याची एकूण स्मरणशक्ती अफाट नव्हती, तर सरावातून ओळखीचे झालेले आकृतिबंध तो एकेका गटाने वाचत होता.

ग्रेट्स्कीचा असा सराव ओन्टारियोतील ब्रँटफर्ड येथे, वडील वॉल्टर यांनी घराच्या परसात तयार केलेल्या बर्फाच्या मैदानावर सुरू झाला. लहानपणी दूरचित्रवाणीवरचे सामने पाहताना तो कागदावर मैदानाची आकृती काढून, नजर पडद्यावरून न हटवता, पकचा मार्ग पेन्सिलीने रेखाटत असे. रेघा जिथे दाट होत, तिथे पक वारंवार येतो हे उघड दिसे. ही मला त्याच्या बालपणातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते, कारण खेळातील संभाव्यतेचा तो खरोखरीचा नकाशा होता.

पुढे त्याने गोलच्या जाळ्यामागील जागा आपलीशी केली. तिथे पक असला की गोलरक्षकाला मान वळवून मागे पाहावे लागते आणि समोरून धावून येणारे प्रतिस्पर्धी त्याच्या नजरेआड होतात. ग्रेट्स्कीला मात्र सगळे मैदान समोर दिसत असे. अर्थात 1980च्या दशकात लीगमध्ये गोल अधिक होत, आणि एडमंटन ऑयलर्स या त्याच्या संघात यारी कुरी व मार्क मेसिये यांच्यासारखे सहकारी त्याला लाभले होते. तरीही त्याच काळात खेळलेला दुसरा कोणीही त्याच्या आकड्यांपर्यंत पोहोचला नाही.

त्याचा गोलांचा विक्रम 6 एप्रिल 2025 रोजी अलेक्झांडर ओव्हेच्किन या धिप्पाड, जबरदस्त फटक्याच्या रशियन खेळाडूने मोडला. असिस्टच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरील रॉन फ्रान्सिस मात्र 1,249 वर, म्हणजे ग्रेट्स्कीपेक्षा 714 ने मागे आहे.