अलार्म ओरडतो, इमोबिलायझर अडवतो

‘गाडीला कंपनीचंच सिक्युरिटी आहे, वेगळा अलार्म कशाला?’ असं म्हणणारे खूप. उलट बाजूला, पुण्याच्या नाना पेठेतून अलार्म बसवून आणला की गाडी आता चोरीला जात नाही, असं धरून चालणारेही तितकेच. इमोबिलायझर आणि अलार्म या कामं वेगळी असलेल्या दोन वस्तूंना आपण एकच नाव देतो, तिथून हा गोंधळ सुरू होतो.

इमोबिलायझर मुका असतो. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते चिपला ऊर्जा देतं आणि तिचा कोड वाचतं. कोड जुळला नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, इंजिन चालू देत नाही. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. आणि म्हणूनच साधी डुप्लिकेट चावी कुलपात फिरली तरी गाडी सुरू होत नाही. खात्री करायची तर चावीचं डोकं अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या तीन-चार थरांत गुंडाळून चावी फिरवा. बहुतेक गाड्यांत इंजिन लागणारच नाही किंवा लागून लगेच बंद पडेल, आणि मीटरवरचा गाडी-चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकेल. मात्र काच फोडून लॅपटॉप उचलणाऱ्याला इमोबिलायझर काही करू शकत नाही.

तिथे अलार्म लागतो. दाराचे स्विच, बॉनेटचा स्विच आणि हादरा ओळखणारा शॉक सेन्सर यांतून इशारा मिळाला की सायरन वाजतो, इंडिकेटर लुकलुकतात. इंजिन मात्र तो अडवत नाही. त्यासाठी स्टार्टरच्या तारेत वेगळा कट-ऑफ रिले, म्हणजे वीज तोडणारा स्विच, टाकावा लागतो. तो स्टार्टरवरच असावा. फ्युएल पंपाच्या तारेत टाकला आणि बिघडला, तर चालती गाडी कात्रजच्या घाटात बंद पडू शकते.

अलार्म बसवताना आधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढतात. युनिट डॅशबोर्डखाली बसतं, त्याच्या कायम १२ व्होल्टच्या तारेला फ्यूज हवाच. अर्थिंगची तार बॉडीच्या बोल्टला, खालचा रंग खरवडून. सायरन सायलेन्सरच्या पाइपपासून लांब आणि तोंड खाली करून लावायचा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. शॉक सेन्सर पक्क्या पत्र्याला स्क्रूने बसवायचा. लोंबता ठेवला तर तो ट्रक गेला तरी बोंबलतो आणि काच फुटली तरी गप्प राहतो. त्याची संवेदनशीलता बारीक स्क्रूने कमी-जास्त होते. गणपतीत ढोल-ताशांनी सायरन वाजत असेल तर तो स्क्रू थोडा मागे घ्या, अलार्म कायमचा बंद करू नका.

तारांचे जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवलेली हवी. नुसती पिळून टेप मारलेली तार काही महिन्यांत सैल होते आणि अलार्म मध्यरात्री आपोआप वाजतो. तार कापायची वेळ आली तर आधी गाडीच्या वॉरंटीचं काय होईल ते शोरूममध्ये विचारा. शक्य असेल तिथे तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे तार न कापता बसणारा तयार जोड, मागा.

आता सर्वांत घातक प्रकार. रिमोटने इंजिन सुरू करणारा अलार्म हवा असेल तर इमोबिलायझर आड येतो. मग काही ठिकाणी तुमची दुसरी चावी मागून घेतात आणि तिची चिप इग्निशनच्या वेटोळ्याजवळ कायमची चिकटवतात. त्या क्षणापासून इमोबिलायझर असून नसल्यासारखा, कुलूप फिरवणारी कोणतीही चावी चालते. शिवाय गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एका चावीची चिप तर गाडीबरोबरच गेलेली असते. दुसरी चावी मागितली की काम तिथेच थांबवा. ही सोय सोडली तरी काही बिघडत नाही.

विम्याचंही ऐका. मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्र असेल तर ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात सवलत मिळू शकते. ही मान्यता एआरएआयची, म्हणजे आपल्याच वेताळ टेकडीवरच्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची. खोक्यावरच्या स्टिकरवर भागत नाही, प्रमाणपत्र हातात घ्या.

गाडी ताब्यात घेताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ती आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्या मधे मल्टिमीटर जोडा, दारं लॉक करा आणि वीस मिनिटं थांबा. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, त्या हिशेबाने ३५ अँपिअर-अवरची बॅटरी उभ्या गाडीत पंधरवड्यात निम्मी होते. मग एक काच खाली ठेवून रिमोटने लॉक करा आणि हात घालून आतून दार उघडा. सायरन वाजलाच पाहिजे. शेवटी व्हॅले स्विच कुठे दडवलाय ते स्वतः हात लावून बघा, कारण रिमोट हरवल्यावर सायरन बंद करायला तोच लागतो.