दोनशे मैलांची सरहद्द?

“किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आपली हद्द, तिथे परकी युद्धनौका शिरली की ते युद्धच.” हा संदेश रत्नागिरीतल्या माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी दाखवतंच. किनाऱ्याची काळजी असते, म्हणून तो पटतो.

पण हद्दी दोन आहेत. सार्वभौम पाणी फक्त १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. आपल्या कायद्याप्रमाणे तिथूनही परकी युद्धनौका आगाऊ सूचना देऊन शांतपणे जाऊ शकते. त्यापुढे २०० मैलांपर्यंत मासळी, तेल, वायू यांवर हक्क आपला, जहाजांची ये-जा मात्र सगळ्यांना मोकळी. तिथे लष्करी सराव करायचा तर आपली संमती हवी, ही भारताची भूमिका. काही देश ती मानत नाहीत. हा वाद परराष्ट्र धोरणाचा. तो निषेधाच्या खलित्यांनी चालतो, तोफांनी नाही.

आणि १९९३ साली मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडातल्या शेखाडीला उतरली, ती काही युद्धनौकेतून नव्हे. युद्धनौकेवर झेंडा असतो, त्या सरकारला थेट जाब विचारता येतो. चोरून आलेल्या होडीमागे कोण आहे, हे आधी पुराव्यानं दाखवावं लागतं. मला वर्गात सर्वाधिक वेळ इथेच द्यावासा वाटतो.

पडताळायचं असेल तर सागरी क्षेत्रांचा १९७६ चा कायदा उघडा. कलम ३, ४ आणि ७ वाचलीत तरी पुरे.